पॅनेल टू पॅनेल दाबायचं की माणूस बघून?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली सून, वय ३१. महिन्याभरात आमच्या ग्रामपंचायतीचं मतदान आहे. ११ सदस्य आणि थेट सरपंच. या वेळी सरपंचपद महिलेसाठी राखीव आहे. दोन पॅनेल उभी आहेत. एका पॅनेलच्या सरपंचपदाच्या उमेदवार म्हणजे मागच्या सरपंचांच्या पत्नी. त्याच पॅनेलमधून माझे चुलत दीर आमच्या प्रभागात सदस्यपदाला उभे आहेत. दुसऱ्या पॅनेलच्या बाई आमच्या बचत गटांच्या ग्रामसंघाच्या कोषाध्यक्ष. मला त्या बऱ्या वाटतात, पण नुसतं बरं वाटणं पुरेसं आहे का ते कळत नाही. घरात सगळ्यांनी खंडोबाचा भंडारा उचलून 'पॅनेल टू पॅनेल', म्हणजे दिरांच्या अख्ख्या पॅनेललाच, असा शब्द दिलाय, माझाही हात त्यात धरला. दुसऱ्या पॅनेलनं देवळाच्या सभामंडपाला ५ लाख जाहीर केलेत. मताला पैसे येणार अशीही कुजबुज आहे. प्रभागात जेमतेम ६४० मतदार, त्यामुळे कोण फुटलं ते लगेच कळतं म्हणतात. मिस्टर मुंबईला असतात, सासूबाईंना कमी दिसतं. माझं एक मत कुणाला देऊ हे सांगू नका, कसं ठरवू ते सांगा.

उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही 'माझं एक मत' असं लिहिलंय. तुमची मतं एकाहून जास्त आहेत. ११ सदस्यांची ग्रामपंचायत म्हणजे बहुतेक ठिकाणी चार प्रभाग, तीन प्रभागांत तीन-तीन जागा आणि एकात दोन. तुमचा प्रभाग तीन जागांचा असेल तर सदस्यांची तीन आणि सरपंचाचं एक, अशी चार मतं तुम्ही देणार. प्रत्येक जागेचे उमेदवार वेगळे, प्रत्येक जागेच्या यादीखाली 'नोटा'चं बटण वेगळं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत राजकीय पक्षांची चिन्हं नसतात. 'पॅनेल' हा शब्द कायद्याच्या लेखी कुठेच नाही. ती पुढाऱ्यांनी बांधलेली मोट आहे, आणि ती अख्खी उचलायची की सोडवून घ्यायची हा पूर्णपणे तुमचा अधिकार आहे. दिरांच्या नावापुढचं बटण दाबलं म्हणजे सरपंचपदाचं बटणही त्याच बाजूला दाबायला तुम्ही बांधील झालात, असं होत नाही. तेव्हा हे चार निर्णय वेगवेगळे घ्या, आणि सगळ्यात जास्त वेळ सरपंचपदावर घालवा.

त्यामागचं कारण असं. थेट निवडून आलेल्या सरपंचाला सहजासहजी हलवता येत नाही. पहिली दोन वर्षं अविश्वास ठरावच आणता येत नाही. त्यानंतरही तो तीन चतुर्थांश सदस्यांनी मंजूर करून वर ग्रामसभेपुढे न्यावा लागतो. गावाच्या पैशावर सही करणाऱ्या दोन माणसांपैकी एक सरपंच असतो, दुसरा ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपला पूर्वीचा ग्रामसेवक. वित्त आयोगाचा पैसा आता चेकनं नाही, संगणकावरून जातो. ग्रामसेवक बिल चढवतो आणि सरपंच आपल्या डिजिटल सहीनं ते मंजूर करतो. ही डिजिटल सही, गावात जिला 'डीएससी' म्हणतात, पेनड्राइव्हसारख्या एका छोट्या वस्तूत असते. ती ज्याच्या खिशात, गावाचा खर्च त्याच्या हातात. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येऊ.

आधी मागच्या पाच वर्षांचं काम तपासा. माजी सरपंचांची बाजू मत मागतेय, म्हणजे त्यांचा हिशेब बघायचा हक्क आपोआप आला. माहिती अधिकाराचा अर्ज टाकू नका. त्याच्या उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, हातात काही पडेपर्यंत मतदान होऊन जाईल. मोबाइलवर 'मेरी पंचायत' ॲप घ्या किंवा ई-ग्रामस्वराजची वेबसाइट उघडा. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडा, मग आर्थिक वर्ष. वर्षाच्या आराखड्यात कोणती कामं घेतली, पैसे किती आले, किती खर्ची पडले हे तिथे दिसतं. एका वर्षाचं बघून थांबू नका, कारण बरीच कामं पुढच्या वर्षात ढकललेली असतात. निदान तीन वर्षांची यादी वहीत उतरवा.

बघताना एक गोष्ट माहीत हवी, नाहीतर उगाच कुणावर आळ येतो. १५व्या वित्त आयोगाच्या पैशातला ६० टक्के हिस्सा बंधित होता. निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी, दुसरीकडे वळवायला परवानगी नाही. गावानं ठरवावं असा उरला ४० टक्के. त्यामुळे 'एवढे लाख आले आणि रस्ता का नाही केला' हा प्रश्न चुकीचा ठरू शकतो. उलटंही तितकंच खरं. गावातला काँक्रीटचा रस्ता कितीदा तरी आमदारांच्या निधीतून, जिल्हा परिषदेकडून किंवा २५१५ या लेखाशीर्षातून, म्हणजे राज्य सरकारच्या ग्रामीण सोयींच्या निधीतून, आलेला असतो, आणि नारळ फोडताना फोटोत असतो म्हणून सरपंच तो आपल्या खात्यावर लावतो. कामावरच्या माहितीफलकावर योजनेचं नाव असतं, ते वाचा. फलकच नसेल तर तेही वहीत लिहा.

मग यादीतली तीन कामं निवडा, जी तुम्हाला रोज दिसतात. बंदिस्त गटार, अंगणवाडीची दुरुस्ती, एलईडी दिवे अशी. गटार '१०० मीटर' लिहिलं असेल तर टेप शोधत बसू नका. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटरची असते. अंगणात पसरून तिच्या कडेनं चाला, आपली किती पावलं होतात ते मोजा. आठ पावलं झाली तर १०० मीटरला तुमची १४५ च्या आसपास पावलं व्हायला हवीत. सकाळी दूध घालायला जाता-येता मोजून होईल, कुणाच्या डोळ्यावर येणार नाही. पाच-दहा पावलांचा फरक सोडून द्या. निम्मंच गटार सापडलं तर मात्र प्रश्न आहे. दुसरं बघायचं ते एकच काम दोन वर्षांत दोन वेगळ्या नावांनी आलंय का. आणि कामाच्या नावात ठिकाण लिहिलंय का. 'गावांतर्गत गटार दुरुस्ती' एवढंच लिहिलेलं असेल तर ते कुठलं, हे सदस्यांना विचारा. अशा नोंदी राहतात कारण मासिक सभेत बिलं वाचून दाखवली जात नाहीत. प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही, सभेनंतर घरोघरी फिरतं आणि सदस्य चहा पिता पिता सह्या करतात.

पाण्याचं माप त्याहून सोपं आहे. जलजीवन मिशनचं ठरलेलं प्रमाण माणशी रोज ५५ लिटर. घरात पाच माणसं असतील तर २७५ लिटर. म्हणजे २०० लिटरचं एक पिंप आणि वर पाच कळश्या. आठवडाभर नळ किती वाजता आला, किती वेळ चालला, पिंप भरलं का, हे दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. एक दिवसाआड येत असेल तर एका पाळीत दोन पिंपं आणि दहा कळश्या भरायला हव्यात. टाकी नवी आणि नळ कोरडा असेल तर का, ते विचारा. विहिरीलाच पाणी नाही, पंपाचं बिल थकलं, की ठेकेदार काम अर्धं टाकून गेला? पहिलं कारण सरपंचाच्या हातातलं नाही. दुसरं पूर्ण हातातलं आहे. तिसऱ्यात त्यानं पाठपुरावा केला का, पत्रं लिहिली का, एवढं तरी बघता येतं. आरोग्य विभाग गावाच्या पाण्याच्या सोयीची तपासणी करून लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो. आपल्या गावाला कोणतं मिळालं आणि टाकीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकायचं काम कोण करतो, हे आशाताईंना विचारलंत तर लगेच सांगतील.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पाच वर्षांत या पैशातून काय झालं? गावात एखादा दिव्यांग माणूस असेल तर त्याच्याच घरी जाऊन विचारा, मिळालं का काही. हे उत्तर कुठल्याही पॅम्प्लेटपेक्षा खरं असतं.

आता उमेदवार. दोघींनाही भेटा, आणि शक्यतो नवरा शेजारी नसताना. गटातल्या चार-पाच बायका मिळून गेलात तर ते सहज जमतं. बायका आल्या म्हटल्यावर पुरुष ओट्यावर जाऊन बसतात. दोघींना तेच तीन प्रश्न विचारा आणि त्याच क्रमानं. पहिला, निवडून आल्यावर डीएससी कुणाकडे राहील? दुसरा, पहिल्या ग्रामसभेत कोणता विषय घ्याल? तिसरा, ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, ती कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी घेणार? दुपारी दोन की रात्री आठ?

उत्तर अचूक यावं अशी अपेक्षा ठेवू नका. नमुना ५ म्हणजे रोकडवही आणि नमुना ८ म्हणजे घरपट्टीची आकारणी, हे पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या बाईला माहीत नसलं तर बिघडत नाही. महिन्याभरात कळतं. 'मला माहीत नाही, शिकून घेईन' हे चांगलं उत्तर आहे. 'ते आमचे मालक बघतील' हे वाईट. राज्यात २०११ पासून पंचायत राज संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. एवढ्या वर्षांनंतरही मासिक सभेत सरपंचबाईंच्या खुर्चीत नवरा बसलेला दिसतो, तिथे बसायचा त्याला काहीही अधिकार नसताना. म्हणून पहिला प्रश्न टाळू नका. विचारताना अवघड वाटेल, तरी विचारा.

माजी सरपंचांच्या पत्नी आहेत म्हणून त्या नवऱ्याची सावलीच असतील, हेही आधीच धरून चालू नका. पाच वर्षं घरात ग्रामपंचायत बघितलेली बाई कधी कधी नवऱ्यापेक्षा जास्त जाणून असते. नवऱ्याच्या कामाचं श्रेय त्या मागत असतील, तर अर्धवट गटाराबद्दलही त्यांनीच बोलायला हवं. कशा बोलतात ते ऐका.

कोषाध्यक्ष बाई तुम्हाला बऱ्या वाटतात. का? गोड बोलतात म्हणून, की ग्रामसंघाचं खातं स्वच्छ आहे म्हणून? दुसरं असेल तर तपासता येतं. ग्रामसंघाचं ऑडिट वेळेवर होतं का, कर्जवाटपात त्यांच्या वाडीच्या गटांना झुकतं माप मिळालं का, हिशेब मागितला तर त्या वही पुढे करतात की चिडतात? ज्या मापानं माजी सरपंचांना मोजलं, त्याच मापानं यांना मोजा. आणि त्यांच्या पॅनेलचा खर्च कोण करतोय ते शोधा. बॅनर, जेवणावळी, गाड्या हे ग्रामसंघाच्या कोषाध्यक्षांच्या खिशातून येत नसणार. खर्च करणारा उद्या बिलं काढायला येतो. तो ठेकेदार असेल, तर बाई कितीही सरळ असल्या तरी त्यांच्यावर ओझं असणार. त्यांना हे तोंडावर विचारायला हरकत नाही.

उमेदवारी अर्जासोबत प्रत्येक उमेदवारानं शिक्षण, मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती शपथेवर दिलेली असते. अर्ज तहसील कार्यालयात निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे असतात. तालुक्याला कामासाठी जाणारच असाल तर बघून या.

पॅम्प्लेटमधली आश्वासनं वाचताना हातात पेन घ्या. कर्जमाफी, सातबाऱ्यावरची नोंद, शेतीपंपाची वीज, एसटीची नवी फेरी यांतलं काहीही सरपंचाच्या अधिकारात नाही, तो फार तर पाठपुरावा करील. त्या ओळी खोडा. 'घरपट्टी-पाणीपट्टी घेणार नाही' असं कुणी लिहिलं असेल तर त्यावर मोठी फुली मारा. पाण्याच्या पंपाचं आणि रस्त्यावरच्या दिव्यांचं बिल, शिपाई आणि पाणी सोडणाऱ्याचा पगार याच पट्टीतून निघतो. वसुली थांबली की महावितरण वीज तोडतं आणि उन्हाळ्यात हंडे घेऊन तुम्हीच फिरता. खोडून झाल्यावर ज्या दोन-तीन ओळी उरतील, तोच खरा जाहीरनामा.

सदस्यांच्या तीन मतांचा विचार एवढा लांबवू नका. सदस्यानं मासिक सभेला जायचं, बिलं वाचायची, प्रभागातली अडचण मांडायची. कोण हे करील? मागे सदस्य राहिलेला कुणी परत उभा असेल तर त्याची हजेरी प्रोसिडिंगात आहे. दीर ही कामं करणारे असतील, तर त्यांना मत द्यायला काहीच हरकत नाही, नातेवाईक असणं हा दोष नाही. ते मत तुम्ही उघडपणे देऊ शकता आणि घरात तसं खऱ्यानं सांगूही शकता. बाकीच्या दोन जागांवर मात्र त्यांनी सांगितलेली नावं डोळे झाकून घेऊ नका.

सरपंच एका पॅनेलचा आणि बहुसंख्य सदस्य दुसऱ्याचे असं झालं तर गाव अडकेल, हे तुम्हाला कुणीतरी सांगेलच. त्यात तथ्य आहे. विरोधातले सदस्य ठराव अडवतात, सभा तहकूब करायला लावतात, पहिलं वर्ष कुरबुरीत जातं. पण एकाच पॅनेलचे बाराही जण आले की बिलं वाचायला कुणीच उरत नाही, आणि आमच्या मते गावाचं त्यात जास्त नुकसान होतं. अडलेल्या विषयाला ग्रामसभेचा रस्ता आहे. वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात, आणि गणपूर्तीला १०० मतदार किंवा एकूण मतदारांच्या १५ टक्के, यांतला कमी आकडा पुरतो. तुमच्या ग्रामसंघाच्या बायका आल्या तरी बरीचशी गणपूर्ती होते. सगळं न वाचणाऱ्या हातात जाण्यापेक्षा थोडी अडचण परवडते.

आता भंडाऱ्याचं. ही तुमच्या मनातली सगळ्यात मोठी टोचणी आहे, पत्रावरून कळतं. खंडोबावर तुमची श्रद्धा आहे, तिचा आम्हाला आदर आहे. पण हात धरून उचलायला लावलेला भंडारा हा तुम्ही दिलेला शब्द नाही. कायदाही हेच म्हणतो. मतदाराला देवाच्या कोपाची भीती घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ प्रमाणे निवडणुकीतला गैरवाजवी दबाव आहे, आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. घरच्यांवर तक्रार करा असं आम्ही सांगत नाही. भंडारा उचलायला लावणारे गुन्हा करत होते आणि तुम्ही काही मोडत नाही आहात, एवढं मनात पक्कं करा. वाटल्यास मतदानाच्या आधी एकटीनं देवळात जा, नमस्कार करा, आणि माझ्या बुद्धीला पटेल तसं करीन म्हणून सांगून या.

पैशांबद्दल. देणारा आणि घेणारा दोघेही कलम १७० मध्ये येतात. 'पैसे घ्या आणि मत हवं तिथे द्या' असं शहाणपण सांगणारे भेटतात, पण गावात ते चालत नाही. पैसे आणून देणारा आपल्याच आळीतला, बहुतेक नात्यातला असतो. त्याच्याकडे यादी असते, त्यात तुमच्या घरापुढे आकडा लिहिला जातो, आणि पुढची पाच वर्षं नळाची तक्रार घेऊन गेलात की त्या यादीची आठवण करून दिली जाते. एकटीनं नाही म्हणणं जड जातं. म्हणून आत्ताच गटाच्या बैठकीत विषय काढा आणि दहा-बारा जणींनी मिळून ठरवा की कुणीच घ्यायचे नाहीत. मग दारात आलेल्याला एवढंच सांगायचं, 'आमच्या गटाचं ठरलंय भाऊ, राग मानू नका.' भांडण नाही, आणि तुमचं एकटीचं नावही पुढे येत नाही.

सभामंडपाचे ५ लाख याच माळेतले. देऊळ सगळ्यांचं, म्हणून ही देणगी कुणाला लाच वाटत नाही. २०२०च्या डिसेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात देवळाच्या कामासाठी म्हणून ग्रामपंचायतीच्या पदांची अशीच बोली लागली आणि ती दोन कोटींच्या वर गेली. नंदुरबारच्या खोंडामळीतही लिलाव झाला. राज्य निवडणूक आयोगानं जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. तुमच्याकडे लिलाव नाही, निवडणूक होतेय. तरीही सरपंचपदाच्या तोंडावर जाहीर झालेली देणगी सरपंचपदासाठीच असते. देणगीदाराला खरंच सभामंडप बांधायचा असेल तर तो निकालानंतरही बांधील. तुम्ही हे ५ लाख हिशेबात घेऊ नका, ना त्यांच्या बाजूनं, ना विरोधात. तुमच्या कोषाध्यक्ष बाई याच पॅनेलच्या आहेत, तेव्हा ते पैसे कुणाचे हे त्यांना विचारायच्या प्रश्नांत घाला.

आणि 'कोण फुटलं ते कळतं' ही भीती. काय कळतं आणि काय नाही, ते नीट समजून घ्या. प्रभागाला एकच केंद्र असेल तर त्या यंत्रावर कुणाला किती मतं पडली हे मोजणीत सगळ्यांना दिसतं. समजा ६४० पैकी ५३० जणांनी मतदान केलं आणि तुमच्या दिरांना ३००, पण त्यांच्या सरपंच उमेदवाराला २४० पडली, तर साठेक जण फुटले एवढं कळेल. ते साठ कोण, हे यंत्र सांगत नाही. यंत्रात बेरीज असते, नाव नसतं. ग्रामपंचायतीच्या मतदानात व्हीव्हीपॅटही नसतं, म्हणजे चिठ्ठीसुद्धा दिसत नाही. पोलिंग एजंटच्या यादीत कोण मतदानाला आलं एवढ्यावरच खूण होते. त्यानंतर जे 'कळतं' ते चेहरे वाचून आणि दम देऊन वदवून घेतलेलं असतं. 'तुझं मत कुठे गेलं ते आम्हाला माहितीये' असं कुणी म्हटलं तर ते बोलणं तुमच्या तोंडून काढायला असतं. तुम्ही काही बोलला नाहीत तर कुणालाही काही सिद्ध करता येत नाही. मिस्टरांनाही फोनवर सांगू नका, घरात फोनवर बोलता तिथे चार कान असतात. मतदानाच्या खोलीत मोबाइल नेऊन फोटो काढून दाखव असं कुणी सांगितलं, तर मोबाइल आत न्यायला मनाई आहे एवढं उत्तर पुरे.

मिस्टरांना पॅनेलच्या गाडीतून येऊ देऊ नका. फुकटच्या गाडीत बसलेला माणूस उतरल्यावर थेट केंद्रापर्यंत पोचवला जातो, घरी यायलाही उसंत मिळत नाही. आदल्या रात्रीच्या एसटीनं यावं.

मतदानाच्या दिवशी नजरचूक होते ती यंत्रापुढे. उमेदवारांची नावं वर्णाक्षरांच्या क्रमानं असतात, त्यामुळे एका पॅनेलचा माणूस एका जागेत पहिला तर दुसऱ्या जागेत तिसरा असू शकतो, आणि चिन्हही वेगळं. म्हणून आदल्या दिवशी चार आकडे आणि चार चिन्हं पाठ करा. सरपंच अमुक क्रमांक, अमुक चिन्ह, मग अ जागा, ब जागा, क जागा. आत गेल्यावर बटण दाबण्याआधी वरची पट्टी वाचा, कोणत्या जागेची यादी आहे ती. प्रत्येक जागेसाठी एक बटण दाबायचं. एखाद्या जागेवर कुणीच पटत नसेल तर तिथे नोटा दाबा, पण रिकामी सोडू नका. चारही झाल्यावर लांब बझर वाजतो. कित्येक जण सरपंचाचं बटण दाबून निघतात, यंत्र अडतं, केंद्राध्यक्ष हाक मारतात आणि सगळ्यांच्या नजरा वळतात. बझर ऐकल्याशिवाय पुठ्ठ्याच्या आडून बाहेर येऊ नका. नेहमी सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच वेळ असते. सकाळी लवकर जा, दुपारनंतर 'अजून कोण राहिलंय' म्हणत माणसं दारात येतात. प्रभागाच्या यादीत आपलं नाव आणि अनुक्रमांक आत्ताच बघून ठेवा, लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं कधी शेजारच्या प्रभागात जाऊन बसतात.

राहिल्या सासूबाई. कमी दिसणाऱ्या मतदाराला सोबती नेता येतो. तो १८ वर्षांवरचा असावा, त्याला मत गुप्त ठेवण्याचं लिहून द्यावं लागतं, आणि एक माणूस एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. गावात होतं असं की पॅनेलचा एखादा पोरगा सकाळपासून म्हाताऱ्यांचा हात धरून आत जात राहतो. ते नियमात बसत नाही, केंद्राध्यक्षांना तिथल्या तिथे सांगता येतं. सासूबाईंना विचारा, त्यांना कोण सोबत हवं. तुम्ही हव्या असाल तर तुम्ही जा, आणि त्या म्हणतील तेच बटण दाबा, तुम्हाला पटो न पटो. मात्र त्यांना चिन्हं ओळखण्यापुरतं दिसत असेल, तर आदल्या संध्याकाळी पुठ्ठ्यावर प्रत्येक जागेच्या सगळ्या उमेदवारांची चिन्हं मोठी काढून दाखवा, क्रमानं, आणि त्यांच्याच बोटानं मोजून घ्या. दोन-तीनदा केलं की त्यांचं त्यांना जमेल.